हुस्नाचा दाखला

समुपदेशन कक्षात येताच हुस्नाचे वडील खाजाभाई म्हणाले, "मॅडम, हुस्नाचा शाळेचा दाखला पाहिजे."

आठवीतून नाव काढणारी ही यंदाची तिसरी मुलगी. माझं डोकंच फिरलं.

"चौदाव्या वर्षी लग्न लावताय तिचं?"

"न्हाई मॅडम, ऐका तर..."

"आधी तुम्ही ऐका!" विज्ञानात पहिली येणारी मुलगी घरात डांबली तर काय होतं, ते मी त्यांना पस्तीस मिनिटं समजावलं. मग मी म्हणाले, "हं, आता बोला."

"लातूरच्या शाळेत नंबर लागलाय तिचा. हॉस्टेल बी मिळालंय. दोनच्या आत दाखला द्यायचाय, न्हाईतर जागा जाती. पोरगी पेटी घिऊन स्टँडवर बसलीय. टायमात पोचवणारी एकच यष्टी हाय, साडेअकराची."

पावणेबारा वाजले होते.