शेजारची खाट

‘कबूल कर,’ काचेपलीकडून सासू म्हणाली. ‘डब्यात काय कालवतेस ते कबूल कर, मगच घरात पाय ठेव.’

फोन मुलाच्या हातात होता, आवाज मोठा केलेला. आई काचेच्या आत, बायको बाहेर, आणि हा मधे, मैलाच्या दगडासारखा. बायकोच्या पायाशी तिच्या कपड्यांची पिशवी होती. ती त्यानंच भरली होती. घराची किल्लीही सकाळीच तिच्याकडून काढून घेतली होती. कबूल केलं नाही तर तिनं इथूनच आपल्या भावाकडे जायचं, असं मायलेकांचं ठरलं होतं. सुनेला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

साथीचे दिवस. वॉर्डात घरच्या माणसाला जाऊ देत नव्हते. डबा दारातल्या टेबलावर ठेवायचा, आतल्या मावशी तो खाटेपर्यंत नेणार. बोलायचं ते काचेतून, फोनवर. दीर, जावा, भाडेकरू, सगळ्यांना पुरून उरलेली ही सासू. ती एका विषाणूला काय दाद देणार? ताप उतरला, धाप थांबली. घरी सोडायची वेळ आली आणि जुलाब लागले. असे लागले की बाईचं चिपाड झालं. जीभ तेवढी शाबूत राहिली.

सून काहीतरी कालवते, हे तिनं सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून कळवलं. सून रांधत होती मऊ भात आणि उकडलेली भाजी. त्याच पातेल्यातलं नवरा घरी दोन्ही वेळा चापत होता आणि ढेकर देत होता. पण आईसमोर उभं राहिलं की या गृहस्थाला दोन अधिक दोनसुद्धा जमत नसे.

‘आई, डबा रोज चाटून पुसून रिकामा येतो,’ सून म्हणाली. ‘वाईट असता तर संपला असता का?’

भूक लागली म्हणून विषही पोटात जातं, असं उत्तर आलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्कच्या वर फक्त दमलेले डोळे. त्यांनी मुलाला समजावलं की हे जेवणानं झालेलं नाही. छातीत आणखी काही होऊ नये म्हणून भारी औषधं द्यावी लागली. त्या औषधांनी आतड्यातले चांगले जंतूही मारले. मग वॉर्डातलाच एक जंतू हाताहातातून आला आणि रिकाम्या घरात चोर शिरावा तसा शिरला. बाटलीतल्या जेलनं तो मरत नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवावे लागतात. आणि तुमच्या आई बेसिनपाशी जायला तयार नाहीत.

ते खरं होतं. परक्या बायकांनी हाताळलेल्या नळाला ती हात लावत नसे. जेल मात्र अत्तरासारखं कोपरापर्यंत चोळी.

‘वॉर्डातला जंतू म्हणे,’ सासू आतून कडाडली. ‘मग माझ्या शेजारचीला बघा. खाटेला खाट लागून आहे. तीच हवा, तेच इस्पितळ. तिचं पोट ठणठणीत, गाल वर आलेत. का? तिला कोणी डबा आणत नाही म्हणून. फरक तेवढाच आहे, डॉक्टर. तुमचं शिक्षण तुमच्यापाशी ठेवा.’

डॉक्टरीणबाई एकाएकाचं अंग वेगळं असतं वगैरे सांगायला लागल्या. मुलानं ऐकलं नाही. आईचा मुद्दा त्याला पटला होता. आईचे मुद्दे त्याला जन्मापासून पटत आले होते. त्यानं पिशवी उचलली. ‘चल,’ म्हणाला. ‘भाऊ वाट बघत असेल.’

सून हलली नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते गालावर येऊ दिलं नाही. एवढ्या लोकांत तो मान तरी तिला कोणाला द्यायचा नव्हता.

वॉर्डाचं दार उघडलं. घरी सोडलेली एक म्हातारी चाकाच्या खुर्चीतून बाहेर आली. मागे खुर्ची ढकलणाऱ्या मावशी, मांडीवर औषधांची पुडी आणि स्टीलचा डबा. डबा ओळखीचा होता. म्हातारीनं सुनेकडे पाहिलं, मग काचेकडे, आणि तोंडभर हसली.

‘तूच का गं ती सून? घे बाई तुझा डबा. आजचाही संपवला. घासून आणलाय, साबणानं.’

‘हा आमच्या आईचा आहे,’ मुलगा म्हणाला.

‘तुमच्या आईचाच. मी शेजारच्या खाटेवरची, पहिल्या दिवसापासून मलाच देतात. स्वतः घासभरही घेत नाहीत, इस्पितळातलंच खातात. मी म्हणायची, अहो दोन घास तरी खा, सून एवढं करते. तर म्हणायच्या, आधी तू खा, उद्याचं उद्या बघू. बाहेर माझं कोणी नाही ना, म्हणून.’ म्हातारीनं डबा सुनेच्या हातात दिला. ‘आणि जीव किती लावावा? मी जेवले की संध्याकाळपर्यंत माझ्याकडे टक लावून बसायच्या. मधूनमधून विचारायच्या, तुला काही होत तर नाही ना?’

खुर्ची फाटकाकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. मुलाच्या हातातला फोन आतून बंद झाला होता. काचेपलीकडे सासूनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

मुलानं घसा साफ केला. चल, घरी जाऊ, असं काहीतरी पुटपुटला.

सुनेनं त्याच्या हातातून पिशवी घेतली. मग तळहात पुढे धरला. तो किल्ली देईपर्यंत धरून ठेवला. किल्ली मिळाल्यावर रिकामा डबा त्याच्या हातात दिला.

‘उद्यापासून तुम्ही रांधा,’ ती म्हणाली. ‘आणि चाखायला माणूस बघून ठेवा. शेजारची खाट रिकामी झाली.’