कैफियतीचा दगड

जहागिऱ्या खालसा झाल्यावर परंड्याकडच्या त्या ओस कचेरीला कुलपं ठोकायला कारकून राघवेंद्र भर दुपारी आला. शेवटचं कुलूप वरच्या खोलीला लावून तो खाली अंगणात उतरला आणि तिथल्या काळ्या दगडावर बुटांसकट उभा राहिला.

वारलेल्या जहागीरदाराचा म्हातारा चोपदार सिदू दचकला. “साहेब, उतरा! गुन्हेगाराची जागा हाय ती. वरच्या खिडकीचा बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा गुंडाळलेला असंल तवर कैफियत सांगायची. पडदा पडला की शिक्षा.”

राघवेंद्र हसला. “आता कोण बसलंय न्याय करायला?”

सिदू खिडकीकडं बघून कमरेत वाकला.

“जबाब द्या, साहेब. सरकार इचारत्यात.”

राघवेंद्र पुन्हा हसायला गेला, पण त्याच्या तोंडून शब्द आले, “चुकलं, सरकार.”

कुलूपबंद खोलीचा पडदा सरसरत खाली आला.