शोभेचे फुगे

दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. दारावर पांढरट फुग्यांची कमान डुलत होती. पाळी लांबल्यानं धास्तावून आलेली ती, लेकीला कडेवर घेऊन, नर्सबाईंसमोर उभी राहिली. कंडोमसाठी तिनं इथे किती चकरा मारल्या होत्या! दर वेळी बाईंचं ठरलेलं, “वरूनच आले नाहीत गं. नवऱ्याला म्हणावं, जरा दमानं घे!” तेवढ्यात लेकीनं एक फुगा ओढून तोंडात घातला. तिनं तो हिसकावला, तर हाताला बुळबुळीत तेल लागलं. टोकाची बोंडी बघून ती चरकली. “बाई, हे कधी आले?” “अगं, केव्हाचे पडून होते. कोणी विचारीना. म्हटलं, वाया कशाला घालवा? शोभा तर आली!” लेकीचे ओठ पदरानं पुसता पुसता ती कमानीखालीच भडाभडा ओकली. “अगोबाई!” बाई टाळ्या पिटत म्हणाल्या, “गोड बातमी वाटतं!”