‘कंपॅनियन’चं कार्ड

तिसऱ्या खंडातही तेच निघालं. प्रतिस्पर्धी प्रकाशकाच्या कोशात कोशकारांचीच वाक्यं, स्वल्पविरामांसकट. आणि त्यांचा स्वतःचा खंड अजून छापायलाही गेला नव्हता!

इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं खणण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. नोंदींची कार्डं दोघांच्याच हातांत असत. त्यांच्या आणि जावयाच्या. जावई म्हणजे दहावा ग्रह. पण आपला मात्र गायीसारखा गरीब, असं ते चारचौघांत सांगत.

“जावयावर संशय?” बायको कडाडली. “अहो, त्यांनीच कार्डं तिकडे दिली असतील, तर पोरीने काय करायचं?”

“म्हणून तर आधी खात्री करतोय.”

कोशांच्या धंद्यात चोर धरायची जुनी युक्ती आहे. एक नोंद मुद्दाम चुकवायची. चोराने उचलली, की सापडला.

‘कंपॅनियन’ म्हणजे सोबती. लॅटिनमध्ये ‘कॉम’ म्हणजे सह, ‘पानिस’ म्हणजे पाव. एका पावातले वाटेकरी, ते सोबती. हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. पण कार्डावर त्यांनी बिनदिक्कत ठोकून दिलं: ‘कँपस’ म्हणजे रणांगण, तिथे साथ देणारा तो कंपॅनियन.

जावयाने कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.

“काही अडलं का?”

“नाही बाबा. तुम्ही लिहिलंय म्हणजे झालंच की.”

पुढचे तीन महिने कोशकारांना अन्न गोड लागेना. मुलगी आली की तिच्याकडे बघवेना.

तिकडचा चौथा खंड आला. त्यांनी पान काढलं. कंपॅनियन: कॉम, पानिस, पाव. रणांगणाचा मागमूस नाही! बाकीची पानं चाळायलाही ते थांबले नाहीत. चोर कोणी का असेना, घरातला नव्हता.

त्यांनी जावयापुढे सरळ हात जोडले.

“जावईबापू, माफ करा. तुमच्यावर संशय घेतला. ते कंपॅनियनचं कार्ड मी मुद्दाम चुकवलं होतं.”

जावई मटकन खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले.

“मुद्दाम? अहो बाबा, तीन महिने माझ्या जिवाला घोर! वाटलं, तुमचं डोकं दगा द्यायला लागलं. तोंडावर सांगायची छाती होईना. शेवटी म्हटलं, तुमचं हसं नको व्हायला. आणि तिकडे देताना मीच गुपचूप दुरुस्त केलं.”