उरलेली पट्टी

जुन्या रणभूमीवर वसाहत नको म्हणून नगररचनाकार बाई सभेमागून सभेत भांडल्या आणि शेवटी थकून बागेएवढी पट्टी मोकळी सोडण्यावर राजी झाल्या. ते त्यांना अजून सलत होतं. बाकी माळावर घरं झाली. त्यातलंच एक त्यांच्या धाकट्या भावाचं.

"ताई, तुझ्या त्या बागेतलं गवत काही केल्या उभं राहत नाही बघ," एका दुपारी तो म्हणाला.

त्या पाहायला गेल्या. गवत आडव्या माणसांच्या आकारात दबलं होतं. खांद्याला खांदा, मध्ये बोटभरही फट नाही.

"एवढीच जागा वाचवता आली हो," त्या पुटपुटल्या आणि खाली बसून त्यांनी हात टेकवला. गवत उबदार होतं.

मग कुणी कुशीवर वळावं तसं ते सळसळलं. आकार एकमेकांना खेटत सरकले आणि बाईंच्या हाताशी, बरोबर त्यांच्या उंचीची जागा मोकळी झाली.