एक कमी

दहाव्या बाईनेही एक मूल कमी सांगितलं.

बिएलने तो आकडा इंग्रजीत सांगितला तेव्हा पेट्राबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. कार्डावर पाच, बाईच्या तोंडी चार. तिच्या आधीच्या बाईच्या कार्डावर चार, तोंडी तीन. सकाळपासून दहाच्या दहा अशाच. धान्य देणाऱ्या देशाने तपासणीसाठी धाडलेल्या या बाईंना न्युएर भाषेचा गंध नव्हता, पण वजाबाकी चांगली येत होती.

कार्डं लिहिली होती बिएलनेच. छावणीची नोंदणी त्याच्याकडे, आणि आज दुभाषाही तोच. दक्षिण सुदानच्या या मुलखातली कुठलीही आई मुलं किती विचारलं की एक गाळून सांगते. पुरता आकडा मरणाच्या कानावर पडला तर ते त्यातलं एक उचलून नेईल, अशी भीती. बिएल मिशनच्या शाळेत शिकलेला, त्याला या भीतीचं हसू यायचं. कोणी तीन म्हणालं की तो मुकाट्याने चार लिहायचा आणि आजवर कधी चुकला नव्हता. बायका त्याची थट्टा करायच्या, मास्तर, आमच्या झोपडीतलं सगळं तुम्हाला ठाऊक, मग विचारता तरी कशाला?

हे सगळं त्याने सकाळीच पेट्राबाईंना समजावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोष्ट छान आहे म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या देशाची ज्वारी बंडखोर सैनिकांच्या चुलीवर शिजताना सापडली आहे. तेव्हा यादीत कुठेतरी खोटी नावं असणारच.

ज्वारी कुठून जाते हे छावणीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. विमानातून पडलेल्या पोत्यांतला तिसरा हिस्सा बंडखोरांचा कमांडर धावपट्टीवरूनच उचलायचा. पण तो कमांडर दहा पावलांवर कडुनिंबाखाली मांडीवर बंदूक ठेवून बसला होता, आणि त्याला बिएलपेक्षा चांगलं इंग्रजी येत होतं.  खरं सांगून पळून जाईन म्हणावं तर जुबा शहराच्या रस्त्यावर सरकारी फौज आणि पाठीमागे मैलोगणती दलदल. खायला मिळायचं ते आभाळातून पडेल तेवढंच.

“आता शेवटची एकच तपासते,” पेट्राबाई म्हणाल्या. “तिने कार्डावरचा आकडा सांगितला तर तुमच्या सगळ्या कार्डांवर विश्वास ठेवीन. नाहीतर प्रत्येक कार्डावरचं एक तोंड आजच कमी होईल.”

बिएलने ते रांगेला न्युएरमध्ये सांगितलं. पीक हाती यायला अजून तीन महिने होते. एक तोंड कमी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. कोणी कोणाकडे बघेना.

अकरावी बाई होती न्यामाल, बिएलची बायको. पेट्राबाईंना हे माहीत नव्हतं. कार्डावर तीन मुलं होती. दोन मुलगे, आणि सर्वांत धाकटी न्यापिनी. ती पाच दिवस तापाने फणफणत होती आणि कालपासून पाणीही घोटत नव्हती. न्यामाल आज तिला सोडून यायला तयार नव्हती. पण रांगेत उभं राहिल्याशिवाय ज्वारी मिळत नाही, म्हणून सासूने तिला बळेच पाठवलं होतं.

“मुलं किती?” बिएलने विचारलं. 

न्यामालने मागे वळून रांगेकडे पाहिलं. रांग लांब होती, पार पाणवठ्यापर्यंत. लग्नाला दहा वर्षं झाली, तिने तो आकडा घरातसुद्धा कधी उच्चारला नव्हता. मग ती वळली आणि मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तीन. तिसरी घरी तापाने पडलीय. लिहा.”

मागच्या म्हातारीने खांद्यावरच्या कापडाने तोंड दाबून धरलं. रांगेत कुणीतरी रडू लागलं. बिएलचा ऊर अभिमानाने भरून आला. ज्या भीतीला तो आयुष्यभर हसला, ती भीती या बाईने सगळ्यांसाठी गिळली होती. आता त्याने फक्त एक शब्द पलीकडे पोचवायचा होता.

पेट्राबाईंनी पेन उचललं. “किती म्हणाली?”

बिएलने न्यामालकडे पाहिलं, मग न्यापिनी पडली होती त्या झोपडीकडे.

“दोन,” तो इंग्रजीत म्हणाला.