मारायकेचं नाव

द्राक्षांची तोडणी संपली, की ऑर्ट्रुनबाई पहिलीच्या मुलांना मळ्यांतून टेकडीच्या माथ्यावर नेत. तिथून नदीपलीकडच्या पडक्या किल्ल्याला प्रत्येकाने आपलं नाव ओरडून सांगायचं. किल्ला ते परत म्हणायचा.

टिल ओरडला, नाव परत आलं. मारायके ओरडली, काहीच आलं नाही.

"किल्ल्याला तू नकोयस!" टिलने चिडवलं.

"गप रे! वारा फिरलाय," बाई म्हणाल्या. वेलीचं एक पानही हलत नव्हतं. मारायकेचा हात घट्ट धरून त्या मुलांना घेऊन उतरू लागल्या.

निम्म्या वाटेवर किल्ल्यातून हाक आली. "मारायके, इकडे ये गं."

आवाज हुबेहूब बाईंचा होता.

"आले बाई!" म्हणत मारायकेने बाईंच्याच हातातून आपला हात सोडवून घेतला.